काढलेली तबकडी कोणाची? स्विस घड्याळ कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
स्विस घड्याळ कंपन्यांची भारतातील कार्यालये, त्यांची सेवाकेंद्रे आणि अधिकृत विक्रेते यांस,

स. न. वि. वि.

मी घड्याळांचा व्यापारी नाही. पुण्यात नोकरी करून, घरखर्चातून शिल्लक टाकत, गेल्या बावीस वर्षांत अकरा स्विस घड्याळे जमवलेला संग्राहक आहे, आणि त्या अकरांपैकी नऊ मी कोणाकडून तरी वापरलेली विकत घेतली आहेत. हे आरंभीच सांगतो, कारण हे पत्र त्या नऊ घड्याळांच्या वतीने लिहिले आहे. एखाद्या मॉडेलमध्ये दोष निघाला आणि कंपनीने ती घड्याळे परत मागवली, किंवा गाजावाजा न करता सर्व्हिसिंगच्या टेबलावरच त्यांतला भाग बदलायला सुरुवात केली, तर ज्याने ते शोरूममधून घेतले त्याला फार तर एक फोन जातो. ज्याच्या मनगटावर ते आज आहे त्याला बहुधा कोणी कळवत नाही. त्याला इकडून तिकडून कळले आणि त्याने घड्याळ आणून दिले, तरी ते परत येते तेव्हा त्यातून काय काढले, काय घातले आणि काढलेले कुठे गेले याचा धड कागद त्याच्या हाती पडत नाही. माझे म्हणणे असे की काढलेला भाग घड्याळाच्या मालकाचा असतो आणि दुरुस्तीची नोंद घड्याळाच्या क्रमांकाला चिकटलेली असायला हवी, पहिल्या ग्राहकाच्या नावाला नव्हे.

अशा परत मागवण्याने, म्हणजे रिकॉलने, घड्याळाच्या किमतीचे काय होते, हे समजण्यासाठी साठ-पासष्ट वर्षे मागे जावे लागते. रोलेक्सचे जीएमटी-मास्टर, संदर्भ क्रमांक ६५४२, हे १९५० च्या दशकाच्या मध्याला पॅन अमेरिकन या विमान कंपनीच्या वैमानिकांना डोळ्यांसमोर ठेवून तयार झाले. दोन ठिकाणची वेळ एकदम दाखवणारा चोवीस तासांचा जादा काटा आणि काचेभोवती फिरणारे लाल-निळे कडे, म्हणजे बेझल, ही त्याची ओळख. सुरुवातीच्या घड्याळांत हे कडे बॅकेलाइट या जुन्या प्लास्टिकचे होते आणि त्यावरचे आकडे अंधारात दिसावेत म्हणून चमकणाऱ्या किरणोत्सारी रंगाने भरलेले होते. १९५९ साली अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने त्या रंगातल्या स्ट्रॉन्शियम-९० कडे बोट दाखवले आणि तिथे विकली गेलेली ती घड्याळे परत मागवण्याची वेळ आली. हे मूलद्रव्य कॅल्शियमसारखे वागते, त्यामुळे शरीरात गेले तर हाडांत जाऊन बसते. बॅकेलाइट तर ठिसूळ, उन्हातान्हाने तडकणारे, मग त्याचा चुरा कुठे जाईल याची चिंता रास्तच होती. उपाय साधा होता. बॅकेलाइटचे कडे काढायचे आणि ॲल्युमिनियमचे बसवायचे.

त्या काळी ज्याने कडे बदलून घेतले त्याने शहाणपणाच केला, आणि कंपनीनेही त्या वेळी जे करायला हवे तेच केले. पण बाजार शहाणपणाला किंमत देत नाही, दुर्मीळतेला देतो. आज ६५४२ पुढ्यात आले की संग्राहक मशीन नंतर उघडतो, आधी कडे पाहतो. मूळ बॅकेलाइट असेल, त्यातही न तडकलेले असेल, तर तेच घड्याळ ॲल्युमिनियमचे कडे असलेल्या आपल्याच भावंडापेक्षा कितीतरी पटींनी महाग विकले जाते. नुसत्या कड्याला गिऱ्हाईक आहे, आणि गिऱ्हाईक आहे म्हणून हुबेहूब नकली कडी करणारेही आहेत. (जाता जाता: स्ट्रॉन्शियम-९० निम्मे व्हायला सुमारे एकोणतीस वर्षे लागतात, म्हणजे १९५९ मध्ये होते त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा आता उरला असेल. त्याच काळातल्या तबकड्यांवरचे रेडियम मात्र सोळाशे वर्षांनी निम्मे होते. तेव्हा जुने घड्याळ उघडून रंग खरवडण्याचा उद्योग कोणी घरी करू नये.) या प्रकरणात मला दिसते ते असे की त्या बदललेल्या कड्यांसोबत मालकाला सही-शिक्क्याचा एक कागद मिळाला असता, की अमुक क्रमांकाच्या घड्याळाचे मूळ कडे अमुक तारखेला सुरक्षिततेसाठी कंपनीने काढून घेतले, तर आज ॲल्युमिनियमच्या कड्याचे घड्याळही ताठ मानेने लिलावात उभे राहिले असते. कागद नाही, म्हणून प्रामाणिकपणे बदललेले घड्याळ आणि कोणीतरी जोडजाड करून उभे केलेले घड्याळ एकाच रांगेत बसते.

दोष निघाल्यावर किंमत एकदाच पडत नाही, आणि पडते तशीच राहतही नाही. बातमी फुटते तेव्हा खरेदीदार थबकतो. ज्याच्याकडे ते मॉडेल आहे त्याला रोज फोन करणारा दलालही दोन आठवडे गप्प होतो. मग दुरुस्ती सुरू झाल्याचे कळते आणि प्रश्न बदलतो: ‘हे दुरुस्त झालेले आहे का, आणि त्याचा पुरावा काय?’ पुरावा असला तर किंमत बरीचशी सावरते, नसला तर खरेदीदार धोक्याची रक्कम स्वतःच वजा करून बोलतो. आमच्या भाषेत ज्याला ‘फुल सेट’ म्हणतात, म्हणजे खोका, गॅरंटी कार्ड, पावती, टॅग, त्यात या दुरुस्तीच्या कागदाची भर पडली पाहिजे असे माझे मत त्यामुळेच झाले. आणि तिसरी पायरी येते ती वीस-तीस वर्षांनी, जेव्हा दोष कोणाच्या लक्षातही राहत नाही आणि फक्त एवढेच विचारले जाते की आतबाहेरचे सगळे कारखान्यातून निघाले तेव्हाचे आहे का.

अलीकडची उदाहरणे बिनकिरणोत्सारी आहेत. टुडर या स्विस कंपनीने २०१८ च्या बाझल इथल्या घड्याळ प्रदर्शनात ब्लॅक बे जीएमटी हे मॉडेल आणले, ते हातोहात खपले, आणि काही महिन्यांत तारखेच्या तक्रारी सुरू झाल्या: तारीख कधी अडायची, कधी उडी मारायची. कंपनीने अडचण मान्य केली आणि गॅरंटीत दुरुस्ती करून दिली, याबद्दल तिला श्रेय दिलेच पाहिजे. पण सदोष घड्याळांच्या क्रमांकांची जाहीर यादी आली नाही, त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांतले ते मॉडेल जुन्या बाजारात घेणारा आजही तारीख फिरवून फिरवून पाहतो. त्याआधीचे उदाहरण ओमेगाचे. ब्रिटिश घड्याळकार जॉर्ज डॅनियल्स यांनी शोधलेले को-ॲक्सियल एस्केपमेंट, म्हणजे स्प्रिंगची ताकद एकेक ठोक्याने सोडणारी यंत्रणा, ओमेगाने १९९९ मध्ये २५०० क्रमांकाच्या मशीनमध्ये आणले. पुढे त्याच क्रमांकाखाली सुधारणा होत गेल्या. ‘सी’ आवृत्तीत तासाला २८,८०० ठोके होते ते २५,२०० वर आणले, ‘डी’ मध्ये तर एस्केपमेंटची रचनाच बदलली. याला कोणी रिकॉल म्हटले नाही. पण आज ओमेगाचे जुने सीमास्टर किंवा प्लॅनेट ओशन घेणारा जाणकार पहिला प्रश्न ‘आत कोणती आवृत्ती आहे?’ हाच विचारतो, आणि मागचे झाकण उघडल्याखेरीज उत्तर मिळत नाही. सांगितलेल्या रिकॉलपेक्षा हा न सांगितलेला रिकॉल संग्राहकाला जास्त महाग पडतो.

आता माझी स्वतःची गोष्ट. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण मला भांडण करायचे नाही आणि ही रीत तिच्या एकटीची नाही. माझ्याकडे १९८९ चे एक स्वयंचलित घड्याळ होते. सहाच्या आकड्याखाली, तबकडीच्या अगदी कडेला, बारीक अक्षरांत ‘टी स्विस टी’ लिहिलेले. त्या काळी चमकीसाठी ट्रिटियम हे सौम्य किरणोत्सारी द्रव्य वापरत त्याची ही खूण. पस्तीस वर्षांत ते ट्रिटियम विझले होते आणि आकड्यांवरचे ठिपके दुधावरच्या सायीसारखे पिवळसर झाले होते, काट्यांवरचा रंगही त्याच छटेचा. मशीन मागे पडू लागले म्हणून मी ते अधिकृत सेवाकेंद्रात दिले. सात आठवड्यांनी सीलबंद पाकिटातून ते परत आले तेव्हा मी क्षणभर दुसऱ्याचे घड्याळ आले असे समजलो. तबकडी कोरी, ठिपके पांढरेशुभ्र, काटे नवे, आणि केसच्या कानांवरच्या, म्हणजे पट्टा अडकवायच्या टोकांवरच्या, धारदार कडा पॉलिशने गोल झालेल्या.

रविवार पेठेत माझे नेहमीचे घड्याळजी बसतात. त्यांच्या काउंटरवर हिरव्या कापडाचा एक तुकडा अंथरलेला असतो आणि त्यावर उलटी घातलेली काचेची वाटी, उघडलेल्या मशीनवर धूळ बसू नये म्हणून. त्यांनी डोळ्याला भिंग लावून घड्याळ तिरके धरले, एकदा कानाशी नेले, आणि म्हणाले, “साहेब, मशीन झकास केलंय. पण डायल, काटे, सगळं नवं घातलंय. जुनं मागून घेतलंत का?” मी मागून घेतले नव्हते. मागायचे असते हेच मला ठाऊक नव्हते. पावती काढून पाहिली तर मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेले होते की बदललेले भाग कंपनीकडे जमा होतील. मी फोन केला, ईमेल केले. उत्तर आले की धोरण असे आहे. त्याआधीच्या महिन्यात ज्या व्यापाऱ्याने त्याच घड्याळाला पावणेचार लाख बोलले होते, तो आता अडीचच्या वर जाईना, आणि त्याचा मला राग आला नाही, कारण त्याच्या जागी मीही तेच केले असते.

आता तुम्ही म्हणाल की हे रिकॉल नव्हे, सर्व्हिसिंग आहे. खरे आहे. पण दार तेच आहे, टेबल तेच आहे आणि पावतीमागची मुंगीएवढी अक्षरेही तीच आहेत. फरक असलाच तर रिकॉलमध्ये मालकाची बाजू अधिक बळकट आहे: सर्व्हिसिंगला तो स्वतःहून आलेला असतो, रिकॉलमध्ये त्याला तुमच्या चुकीमुळे यावे लागते.

काढलेले भाग ठेवून घेण्यामागची तुमची कारणे मला माहीत आहेत, आणि त्यांतली दोन मी खोटी मानत नाही. सुटे मूळ भाग बाजारात गेले की त्यांतून भेसळीची घड्याळे जुळवली जातात. आम्हा भारतीयांना हे निराळे सांगायला नको. जुन्या घड्याळांवर नवा रंग मारून, चार ठिकाणचे भाग जोडून जी रंगीबेरंगी घड्याळे परदेशी पाठवली जातात त्यांना तिकडचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, आणि हे ऐकताना मुंबईत वाढलेल्या माझ्यासारख्याला लाज वाटते. दुसरे कारण सुरक्षिततेचे. रेडियम लावलेली तबकडी कोणाच्या हातात द्यावी असे मीही म्हणणार नाही.

पण पहिल्या कारणाचे काय होते ते २०२३ मध्ये जगाने पाहिले. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हात फिलिप्स या लिलावगृहाच्या लिलावात ओमेगाचे १९५७ चे एक स्पीडमास्टर, ज्याची काळी तबकडी उन्हाने तपकिरी झाली होती, एकतीस लाख स्विस फ्रँकहून अधिक किमतीला गेले. अंदाज होता ऐंशी हजार ते एक लाख वीस हजारांचा. दीड वर्षाने ओमेगानेच सांगितले की ते घड्याळ निरनिराळ्या भागांची जुळवणी होते आणि या प्रकारात कंपनीच्या तीन माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. यातली गंमत, तिला गंमत म्हणायचे तर, अशी की खरेदीदार ओमेगाचे स्वतःचे संग्रहालय होते. म्हणजे जुने भाग आणि जुन्या नोंदी कंपनीच्या छताखाली असल्या की बाजार आपोआप स्वच्छ राहतो, हा युक्तिवाद आता तितकासा टिकत नाही. कुठला भाग कुठल्या क्रमांकाच्या घड्याळातून निघाला, हे ज्याच्या हाती कागद आहे अशा मालकाला माहीत असणे, हीच भेसळीवरची जास्त खात्रीची तोड आहे. काढलेल्या तबकडीच्या पाठीवर घड्याळाचा क्रमांक कोरा, ती सीलबंद पाकिटात घाला, पाकिटाचा क्रमांक दुरुस्तीच्या कागदावर लिहा. मग ती तबकडी दुसऱ्या घड्याळात जाऊन मूळची म्हणून मिरवू शकणार नाही. जिथे भाग किरणोत्सारी आहे तिथे तो ठेवून घ्या, पण काढण्याआधीचा फोटो आणि प्रमाणपत्र द्या. काही सेवाकेंद्रे जुना भाग परत हवा असेल तर नव्याची पूर्ण किंमत मागतात. सर्व्हिसिंगमध्ये हा हिशेब मी एकवेळ मान्य करीन, पण दोष तुमचा असताना मुळीच नाही.

कायद्याकडे पाहिले तर आमची बाजू लंगडी आहे, हे मी लपवत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २० ने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला वस्तू परत मागवण्याचा अधिकार दिला आहे, पण तो धोकादायक, घातक किंवा असुरक्षित वस्तूंपुरता. तारीख उडी मारते म्हणून कोणी दगावत नाही. त्याच कायद्यातली उत्पादन-दायित्वासंबंधीची ‘हानी’ची व्याख्या पाहावी तर खुद्द वस्तूचे झालेले नुकसान आणि व्यापारी वा आर्थिक तोटा त्यातून स्पष्टपणे वगळलेला आहे. म्हणजे ६५४२ चे किरण मनगटाला बाधले तर दाद आहे, तबकडी बदलल्याने सव्वा लाख बुडाले तर त्या वाटेने नाही. मोटारींचे पाहा: २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात रिकॉलचे स्वतंत्र कलम आले, आणि आज दुसऱ्या-तिसऱ्या हाताने गाडी घेणारा माणूसही अनेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर चासी क्रमांक टाकून आपली गाडी रिकॉलमध्ये आहे का ते पाहतो. घड्याळाच्या कानांमध्ये किंवा पाठीवर क्रमांक आहेच. तो टाकायला खिडकी तेवढी नाही.

सरकारला मात्र घड्याळाची किंमत कळते. २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांवरच्या मनगटी घड्याळावर विक्रेत्याने एक टक्का कर गोळा करायचा आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून भारत आणि एफ्टा, म्हणजे स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांचा गट, यांच्यातला व्यापार करार लागू झाला आणि स्विस घड्याळांवरचे आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. तुमची घड्याळे इथे वाढणार, आणि आज शोरूममधून बाहेर पडणारे प्रत्येक घड्याळ पाच-दहा वर्षांत जुन्या बाजारात येणार.

‘पुनर्विक्री हा आमचा विषय नाही’ हे उत्तर तुमच्याकडून मी तीनदा ऐकले आहे. पूर्वी ते निदान सुसंगत होते. पण कार्टिए, आयडब्ल्यूसी, पानेराई ज्या रिशमाँ समूहाच्या आहेत त्याने २०१८ मध्येच जुनी घड्याळे विकणारी वॉचफाइंडर ही कंपनी विकत घेतली, आणि रोलेक्सने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतः प्रमाणित केलेल्या जुन्या घड्याळांची योजना सुरू केली. जुन्या घड्याळावर तुमची मोहोर उमटली की त्याचा भाव चढतो, आणि तो चढलेला भाव तुम्ही घेता. मग त्याच घड्याळाचा दुरुस्तीचा इतिहास मालकाला द्यायची वेळ आली की तो एकदम गोपनीय कसा होतो, हे मला समजत नाही.

म्हणून विनंती अशी. ज्या मॉडेलमध्ये दोष आहे हे तुम्ही स्वतः मान्य केले आहे, त्याच्या क्रमांकांची मर्यादा जाहीर करा, आणि कोणीही क्रमांक टाकून पाहू शकेल अशी सोय ठेवा. मालकाचे नाव विचारू नका, त्याची गरज नाही. दुरुस्ती मोफत करताना ती पहिल्या, दुसऱ्या, पाचव्या मालकाला सारखीच करा. तबकडी, काटे, कडे यांना हात लावण्याआधी लेखी संमती घ्या आणि पॉलिश तर विचारल्याशिवाय करूच नका, कारण नवा भाग बदलून जुना पुन्हा बसवता येतो, पण घासून गेलेले पोलाद परत येत नाही. आणि पावतीमागचा तो मजकूर पुढच्या बाजूला, वाचता येईल अशा अक्षरांत, मराठीतही छापा. सेवाकेंद्राच्या काउंटरवर उभा राहणारा प्रत्येक जण इंग्रजी करारनामे वाचणारा नसतो. माझ्याच ओळखीचे एक निवृत्त शिक्षक वडिलांचे घड्याळ घेऊन गेले होते, ते कशावर सही करून आले हे त्यांना आजतागायत माहीत नाही.

राहता राहिले माझे १९८९ चे घड्याळ. ज्या कंपनीचे ते आहे तिला हे वाचताना कळले असेलच. जानेवारी २०२४ मध्ये तुमच्या मुंबईच्या केंद्रात त्यातून काढलेली काळी तबकडी, तिच्यासोबतचे तीन काटे, हे अजून एखाद्या खणात असतील तर पाठवून द्यावेत. टपालखर्च मी देईन. पाठीवर क्रमांक कोरून पाठवलेत तरी माझी हरकत नाही.

कळावे,
आपला विश्वासू,
पुण्यातील एक संग्राहक